खंदकाच्या अलीकडे

मंगळवारी सकाळी अकराच्या सुमाराला, नवव्या अडथळ्यापाशी, किलब्रॅकनं अर्धं पाऊल जास्त टाकलं आणि कॉन्सेप्टा तुस्कानोचा हात आपोआप रिमोटवर गेला. चित्र थरथरत उभं राहिलं. मग तिनं टेप मागं नेली. पुन्हा लावली. बारा घोडे, पावसानं काळपट झालेलं गवत, मधोमध तांबूस अंगाचा मोठाड किलब्रॅक; पुढं झुडपांच्या फांद्यांचा, छातीएवढ्या उंचीचा अडथळा आणि त्याच्या अलीकडे खणलेला खंदक. खुरांची लय तिच्या कानांना पाठ होती. ती लय खंदकापर्यंत नीट आली आणि तिथं एक तुकडा जास्त पडला. जिना संपलाय हे अंधारात न कळून माणूस आणखी एका पायरीसाठी पाय टाकतो, तसा. घोड्याचे कान मागं वळले. मग तो उडाला, पण तोवर दोन घोडे त्याच्या पुढं गेले होते. तिसऱ्यांदा टेप मागं नेताना कॉन्सेप्टाच्या लक्षात आलं की आपण डाव्या हातानं टेबलाची कड घट्ट धरून ठेवलीय. हे अर्धं पाऊल तिनं यापूर्वी पाहिलं होतं. घोड्याच्या पायांत नव्हे.

दुबईच्या देऱ्यातल्या त्या चौथ्या मजल्यावरच्या ऑफिसात ती नव्वद साली टायपिस्ट म्हणून लागली होती. ऑफिस ज्यांचं त्यांना सगळे अरबाब म्हणत. वर्षातून दोनदा ते येत, उभ्याउभ्या कावा, ती बिनदुधाची अरबी कॉफी, पीत आणि घोड्यांची विचारपूस करून जात. त्यांचे सपाट मैदानावर धावणारे घोडे इथंच, वाळवंटाच्या कडेला तबेल्यात होते. पण तरुणपणी इंग्लंडात शिकत असताना त्यांना अडथळ्यांच्या शर्यतींचा नाद लागला होता, म्हणून दहा-बारा घोडे तिकडं एका ट्रेनरकडे ठेवलेले. त्यांच्या शर्यतींच्या टेप दर सोमवारी कुरियरनं येत. मॅनेजर मि. हॉलोवे त्या पाहत. एकदा त्यांचे डोळे आले होते, म्हणून त्यांनी कॉन्सेप्टाला सांगितलं, तुम्ही पाहा आणि दिसेल ते लिहून काढा. तिनं प्रत्येक अडथळ्याला एक ओळ दिली: किती लांबून उडाला, कुठल्या बाजूला कलला, उतरताना मान कुठं होती. हॉलोवेंनी भिंग धरून ती तीन पानं वाचली आणि त्या दिवसापासून उड्यांचा तक्ता हे तिचंच काम झालं. आठ वर्षांत तिनं हजारो उड्या पाहिल्या, पण प्रत्यक्ष एकही नाही. गवत इतकं हिरवं असतं यावर पहिल्या वर्षी तिचा विश्वासच बसला नव्हता. टीव्हीचा रंग वाढला असेल म्हणून तिनं बटण फिरवून पाहिलं होतं.

आता फेब्रुवारी संपत आला होता. मार्चच्या मोठ्या मेळाव्यात नवख्या घोड्यांची स्टीपलचेस असते: तीन मैल, एकोणीस अडथळे, आणि घोडे असे, की ज्यांनी या हिवाळ्याआधी अशी एकही शर्यत जिंकलेली नाही. अरबाबांचे तीन घोडे नावं देऊन ठेवलेले होते आणि त्यांतला एकच पळवायचा होता. मिस्टर टॅलो मंद, पण प्रामाणिक. जुना कारकून फाईल उचलतो तशी उडी मारायचा, थकायचा नाही आणि दिपवायचाही नाही. हार्बर बेल ही घोडी चपळ, पण प्रत्येक उडीला डावीकडे सरकायची, आणि चिखल दिसला की तिचं मन उडायचं. राहिला किलब्रॅक. नोव्हेंबरात त्यानं इतक्या लांबून, कान टवकारून उड्या घेतल्या होत्या की कॉन्सेप्टानं तक्त्यात, कधी नव्हे ते, 'सुंदर' असा शब्द टाइप केला आणि मग खोडला. नाताळच्या दुसऱ्या दिवशी तो खंदकाच्या अडथळ्याला पडला. लागलं काही नाही. उठून, मोकळ्या लगामानं, बाकीच्यांच्या मागं धावत गेला. आणि आता ही फेब्रुवारीची शर्यत, दुसरा नंबर. टेपसोबत ट्रेनरचा फॅक्स होता. तो तिनंच सकाळी मशीनमधून काढून हॉलोवेंच्या टेबलावर ठेवला होता, पण त्याआधी वाचला होता. घोडा शाबूत आहे. तीनदा मुद्दाम मागं पडला आणि शेवटी आरामात धावला. डोकं बिघडलंय, कामचुकार झालाय. झापडं लावू, हातात जोर असलेला जॉकी बसवू, म्हणजे चुकवायला जागाच राहणार नाही.

तिनं तक्ता पुरा केला. चौथा, नववा, पंधरावा. तिन्ही खंदकाचे. बाकी सोळा अडथळे त्यानं नोव्हेंबरसारखेच घेतले होते. कामचुकार घोडा काय खंदक बघून काम चुकवतो? पण मत देणं हे तिचं काम नव्हतं. तिनं कागद टाइपरायटरमधून ओढून काढला आणि खाली, मोकळ्या जागेकडे बघत बसली.

तिचा नवरा सॅम तिच्यापेक्षा बोटभर बुटका होता. लग्नाच्या फोटोत फोटोग्राफरनं त्याला विटेवर उभं केलं होतं आणि मिस्सा संपेपर्यंत ती वीट वसईकडच्या गिरीजच्या सगळ्या गावाला ठाऊक झाली होती. जॉकी नवरा मिळाला म्हणून तिच्या बहिणी तिचा हेवा करायच्या. भायखळ्याच्या एका खोलीत ते राहायचे. पहाटे त्याच्याबरोबर ती उठायची, तो रेसकोर्सवर निघून गेला की खोलीत कोंड्याचा, घोड्याच्या घामाचा आणि खोबरेलाचा मिळून एक वास मागं उरायचा आणि ती त्या वासात पुन्हा झोपायची. शर्यतीच्या आठवड्यात वजन उतरवायला तो भर दुपारी स्वेटरवर रेनकोट घालून चालायला जायचा. रात्रीचं जेवण म्हणजे अर्धं उकडलेलं अंडं. दुसरं अर्धं ती खायची. तिला भूक असायची, पण त्याच्यासमोर पोटभर जेवणं बरं दिसायचं नाही, मग तो गेल्यावर शेजारच्या बानूकडे जाऊन ती खिमा-पाव खायची आणि दोघी हसत सुटायच्या. शर्यतीच्या संध्याकाळी सॅम टेबलावर काड्यापेटीतल्या काड्या मांडायचा. हा मी. हा रेल, कडेचा कठडा. हा दोन नंबरचा बाहेरून आला, बघ, आणि इथं, इथं गॅप पडली. एक काडी दोन काड्यांमधून सर्रकन पुढं जायची. त्याचे डोळे अशा वेळी इतके चमकायचे की तिला वाटायचं, हा आत्ता टेबलावरून उडी मारून पलीकडे जाईल. त्या काड्यांवर ती शर्यत वाचायला शिकली. कोण दमलाय, कोण दमल्याचं सोंग करतोय, कुणाला वाट हवीय आणि कुणाला वाट मिळूनही नकोय.

एकाहत्तरच्या मोसमात अशीच एक गॅप मिटली. रेल आणि दुसरा घोडा यांच्यामध्ये सॅम सापडला, खाली गेला, वरून दोन घोडे गेले. बरगड्या, खांदा, एक कान फाटला. चार महिन्यांनी डॉक्टर म्हणाले, फिट आहे. सगळे म्हणाले, फिट आहे. तोही म्हणाला. फक्त कॉन्सेप्टानं पाहिलं की बाजारात समोरून दोन माणसं आली की सॅम थांबतो. त्यांच्यामधून जात नाही. अर्धं पाऊल पुढं टाकतो, ते पाऊल तसंच जमिनीवर चाचपतो आणि बाजूला होतो. लोकांना वाटायचं, किती सभ्य माणूस, बायकांना आधी जाऊ देतो. चर्चच्या दारात एकदा दोन कवाडांमध्ये तो असा थबकला की मागची म्हातारी त्याच्या पाठीवर आदळली. 'चल ना,' कॉन्सेप्टा कुजबुजली. तो हसला. त्याच्या कपाळावर घाम होता, आणि महिना होता जानेवारी. ती काहीच बोलली नाही. त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी नाही, आणि तो पुन्हा बूट घालून कोर्सवर निघाला त्या पहाटेही नाही. उलट म्हणाली, 'जा रे, सगळे वाट बघतायत.'

चौथ्याच शर्यतीत त्याच्याखाली फेवरिट घोडी होती, सगळ्यांचे पैसे तिच्यावर. शेवटच्या वळणावर रेलजवळ गॅप उघडली, बैलगाडी जाईल एवढी. स्टँडमधल्या हजारो माणसांना ती दिसली. सॅमनं लगाम आखडला. घोडी मान वर करून भांडत राहिली आणि तिसरी आली. चौकशी झाली. हरायचे पैसे कुणी दिले, हा एकच प्रश्न त्याला फिरवून फिरवून विचारला. मला योग्य वाटलं तशी चालवली, हे एकच उत्तर त्यानं दिलं. कॉन्सेप्टा बाहेर बाकावर बसली होती, शेनॉन तेव्हा पोटात होती. ट्रेनर बाहेर आले. ते भले गृहस्थ होते, सॅमला त्यांनीच घडवलं होतं. टोपी हातात घेऊन ते तिच्यासमोर वाकले आणि म्हणाले, 'बेटा, त्यानं पैसे घेतले नाहीत हे मला माहीत आहे. मग झालं काय? तुला काही ठाऊक असेल तर आत्ता सांग, मी आत जाऊन बोलतो.' आणि ती म्हणाली, 'मला शर्यतीतलं काही कळत नाही, सर.'

घोडा खेचणारा. हे नाव मग सुटलं नाही. लायसन्स दोन वर्षांसाठी गेलं आणि नंतर कुणी खोगीर दिलं नाही. अठ्ठ्याहत्तर साली ते इकडं आले. सॅमला अजमानमध्ये एका गोदामात स्टोअरकीपरचं काम मिळालं आणि सोळा वर्षं त्यानं खोकी मोजली. चौऱ्याण्णव साली तिथंच, एका दुपारी, खोक्यावर बसल्या बसल्या गेला. एकदाही तिनं त्याला विचारलं नाही, एकदाही त्यानं सांगितलं नाही. लोक चोर म्हणाले ते त्यानं घेतलं. दुसरा शब्द कुणाच्या तोंडून येऊ दिला नाही.

'आंटी, आज एकदम खामोश?' संध्याकाळी धनंजयनं आरशातून बघत विचारलं. तो चिपळूणचा, ऑफिसची गाडी चालवायचा आणि अजमानलाच राहायचा, म्हणून तिला घरी सोडायचा. शारजाच्या पुलाआधी गाड्या खिळून होत्या. 'तुमच्या त्या मोठ्या रेसचं काय ठरलं? कुठला घोडा चांगला?'

'चांगला आहे तोच घाबरलाय रे.'

'मग सांगा ना साहेबाला.'

'मी कोण सांगणारी?'

'तुम्ही नाही तर कोण सांगणार? घोडा?' तो हसला आणि पुढच्या टॅक्सीवर हॉर्न मारून ओरडला, 'यल्ला, यल्ला, हबीबी, सो गया क्या!'

घरी शेनॉन ड्यूटीवरून आली होती, हॉटेलच्या रिसेप्शनचा गुलाबी स्कार्फ अजून गळ्यातच. पंचवीस वर्षांची पोर, सॅमसारखीच बारीक हाडाची. चौदाव्या वर्षी वसईला एका लग्नात मावसभावानं तिला सांगितलं होतं की तुझ्या पप्पानं घोडा खेचला होता, पैसे खाऊन. तिनं परत येऊन काही विचारलं नाही. फक्त भिंतीवरचा सॅमचा जॉकीच्या रंगीत सदऱ्यातला फोटो उतरवला आणि कपाटात ठेवला. सॅमनं संध्याकाळी भिंतीवरची मोकळी जागा पाहिली आणि तोही काही बोलला नाही. या घरात न बोलण्याचं काम सगळ्यांनीच मन लावून केलं होतं.

'शेनॉन, तुला पप्पांचं घोडा पळवणं आठवत नाही ना?'

'हाऊ वुड आय, मम्मी? आय वॉझन्ट इव्हन बॉर्न,' ती म्हणाली आणि केस धुवायला गेली.

बुधवारी सकाळी हॉलोवेंनी तक्ता वाचला, चष्मा काढला आणि ट्रेनरचा फॅक्स त्याच्या शेजारी ठेवला. उंच, वाकलेला, साठीचा माणूस. बायको गेल्यापासून त्यांच्या शर्टांना इस्त्री नसायची. 'मिसेस तुस्कानो,' ते म्हणाले, 'मी किलब्रॅकला पाठवायचं म्हणतोय. झापडं लावून. तुम्ही खाली एवढी जागा का सोडलीय?'

तिला वाटलं होतं की आपण 'काही नाही सर' म्हणू. जीभ त्याच शब्दांसाठी तयार होती. पण तोंडातून निघालं ते दुसरंच. 'तो कामचुकार नाही, सर. तो घाबरलाय.'

'कशावरून?'

तिनं खंदकांचे तीन आकडे दाखवले. दोन्ही टेप लावल्या, नोव्हेंबरची आणि आत्ताची. कान दाखवले, ते जास्तीचं पाऊल दाखवलं. हॉलोवे पुढं वाकून बघत राहिले. 'असेल,' ते म्हणाले. 'किंवा नसेल. आळशी घोडाही असं करतो. तुम्हाला एवढी खात्री का वाटते?'

खिडकीबाहेर खाडीत एक लाकडी बोट टायर आणि फ्रिज लादून निघाली होती. कॉन्सेप्टा तिच्याकडे बघत बोलली. आधी वाटलं दोन वाक्यांत संपेल. बाजार, चर्चचं दार, जानेवारीतला घाम, रेलजवळची गॅप. आयुष्यात पहिल्यांदा ती हे बोलत होती, आणि तेही परक्या भाषेत, परक्या माणसापुढं, खुर्चीच्या कडेवर बसून. इंग्रजीत तो शब्द फार हलका होता. 'माय हजबंड वॉझ अफ्रेड.' म्हणून झाल्यावर तिला आतून चरचरलं. सॅम शेजारी उभा असावा आणि त्याच्या अंगावरचा सदरा आपण चारचौघांत ओढून काढावा, तसं. 'त्याला झापडं लावली असती,' ती म्हणाली, 'तर तो गेला असता त्या गॅपमध्ये. आणि मेला असता. किंवा दुसऱ्या कुणाला घेऊन मेला असता.'

हॉलोवेंनी टेबलावरचा फोन पुढं ओढला. मग त्यांनी इंग्लंडातल्या ट्रेनरचा नंबर फिरवला. पलीकडचं हसणं तिला टेबलाच्या या बाजूला ऐकू आलं. 'मला हसू येत नाहीये,' हॉलोवे शांतपणे म्हणाले. 'त्याला स्वाराशिवाय एका छोट्या खंदकापाशी ने. मोकळा. काय करतो ते मला कळव.'

दुसऱ्या दिवशी फॅक्स आला. या वेळी हॉलोवेंनीच तो मशीनमधून काढला आणि तिच्या टेबलापाशी येऊन वाचून दाखवला. खंदकाच्या अलीकडे वीस पावलांवर घोडा उभा राहिला. घामानं निथळला. दहा मिनिटं हलला नाही. ट्रेनरनं लिहिलं होतं, चूक माझी. उन्हाळाभर गवतावर सोडतो, मग लहानशा ओंडक्यापासून पुन्हा सुरुवात करू. 'तुमचं बरोबर होतं,' हॉलोवे म्हणाले आणि अवघडून तिच्या खांद्याला बोटं लावून गेले. कॉन्सेप्टानं 'थँक्यू सर' म्हटलं आणि टाइपरायटरमध्ये नवा कागद घातला. आनंद व्हायला हवा होता. पण डोक्यात एकच गोष्ट घोळत राहिली: एक फोन पुरला. दहा मिनिटं बोलणं. सॅमचे ट्रेनर टोपी हातात घेऊन वाकले होते, तेव्हा आत जायचं दार दहा पावलांवर होतं.

मार्चमधल्या त्या शर्यतीच्या संध्याकाळी सगळं ऑफिस डिशवर थेट प्रक्षेपण बघायला थांबलं. धनंजय समोसे घेऊन आला. मिस्टर टॅलोनं एकोणीस अडथळे एकेक करून नीट उरकले आणि चौदा घोड्यांत पाचवा आला. दोन घोडे पडले, एक उठला नाही, कॅमेऱ्यानं त्याच्यावरून पटकन नजर काढून घेतली. अरबाबांचा फोन आला. पाचवा, खलास, पुढच्या वर्षी बघू, इन्शाल्ला. सगळे हसले. टाळ्याही पडल्या. कॉन्सेप्टा प्लेटा गोळा करत होती. किलब्रॅक कुठंतरी गवतात उभा असेल, एवढंच तिच्या मनात होतं. आणि तो कधी उडी घेईल की नाही, याची तिला आता उत्सुकताही उरली नव्हती.

शुक्रवारी, इथल्या सुट्टीच्या दिवशी, शारजाहून मिस्सा आटपून मायलेकी घरी आल्या. येताना अजमानच्या मासळीबाजारातून कॉन्सेप्टानं दोन शेरी मासे घेतले होते. ती ओट्याशी खवलं काढत होती, शेनॉन जेवणाच्या टेबलावर चादर पसरून युनिफॉर्मला इस्त्री करत होती. खवलं चटाचट उडून फरशीवर पडत होती. कॉन्सेप्टा पाठमोरीच म्हणाली, 'पप्पांनी पैसे घेतले नव्हते.'

'मम्मी, प्लीज. नॉट टुडे.'

'ते घाबरले होते. पडल्यापासून. दोन घोड्यांच्या मधून जायची त्यांना भीती बसली होती. म्हणून घोडीचा लगाम ओढला. बस, एवढंच झालं होतं.'

इस्त्रीचा आवाज थांबला. वाफ फुसफुसत राहिली. 'ही टोल्ड यू?'

'नाही. मला दिसत होतं. आधीपासून.'

शेनॉननं इस्त्री उभी करून ठेवली. लहानपणी शाळेत घातल्यापासून ती घरात इंग्रजीतच उत्तर द्यायची, सॅमशीसुद्धा. ती आता बोलली ते मराठीत, अडखळत, शब्द शोधत. 'तुला ठाऊक होतं?'

'हो.'

'आणि सगळे त्यांना चोर म्हणत होते, तेव्हा... मीसुद्धा... सोळा वर्षं ते इथं, या घरात...' तिचा आवाज चढला. 'मग तू का नाही बोललीस?'

कॉन्सेप्टानं सुरी खाली ठेवली. देता येण्यासारखी खूप उत्तरं होती. त्यांना वाईट वाटलं असतं. कुणी विश्वास ठेवला नसता. तू पोटात होतीस. इतक्या वर्षांत ती सगळी तिनं स्वतःला देऊन पाहिली होती. हाताला मासळीचा चिकटा होता, चेहऱ्यावर आलेली बट मागं सारता येत नव्हती.

'मला भित्र्याची बायको व्हायचं नव्हतं,' ती म्हणाली.

शेनॉननं इस्त्रीची पिन काढली. तिनं आईकडे पाहिलं; ते पाहणं कॉन्सेप्टानं सॅमच्या वाट्याला आलेलं पाहिलं होतं, स्वतःच्या वाट्याला कधीच नाही. मग ती बाल्कनीत गेली आणि दार लोटून घेतलं. काचेतून तिची पाठ दिसत होती, कठड्यावर टेकलेले दोन्ही हात दिसत होते. कॉन्सेप्टानं हात धुतले. तिच्या मागं जावं असं वाटलं आणि ती गेली नाही. जे आलंय ते आपलं आहे, असं तिला वाटलं. सव्वीस वर्षं दुसऱ्याच्या पत्त्यावर जात होतं, आज नीट पोचलं. मासे तिनं हळद-मीठ लावून झाकून ठेवले. फरशीवरची खवलं एकेक करून उचलली. खाली रस्त्यावर कुणाची तरी गाडी सुरू होत नव्हती, पुन्हा पुन्हा खाकरत होती.

दार किलकिलं झालं. शेनॉननं तोंड फिरवलं नव्हतं. तिचे खांदे अजून ताठच होते. 'ती घोडी,' तिनं विचारलं. 'नाव काय होतं तिचं?'

हे नाव कॉन्सेप्टानं बहात्तर सालापासून उच्चारलं नव्हतं. ते जिभेवर यायला वेळ लागला.

'मल्लिका,' ती म्हणाली. 'लाल होती. सगळी लाल, कुठं ठिपका नाही. फार गरीब होती, कुणाच्याही हातातून गूळ खायची.' ती बाल्कनीच्या दारापर्यंत गेली आणि तिथंच थांबली. 'तिला पळायचं होतं गं.'